सिंधूचं जाड ऑइल, माझं पातळ

रेवा, ईशान,

आजीने हट्टाने जुनी गाडी ठेवून घेतली, असं तुमच्या बाबांनी तुम्हाला कळवलं असेलच. हट्ट होताच, मी नाकारत नाही. पण तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, आम्हाला येता आलं नाही, तू सिंधूआजीवर काही लिहून पाठवशील का?" म्हणून कागद घेऊन बसले. शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गावातल्या बऱ्याच शोकसभांची भाषणं माझ्याकडूनच लिहून गेली आहेत. तसंच हेही सुरू केलं. सिंधू, माझी नणंद, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, आरोग्य केंद्रातली सिस्टर, लग्न न करता जन्मभर याच घरात राहिलेली, स्वभावाने अत्यंत प्रेमळ. तिथे थांबले. प्रेमळ ती होतीच. मला तेच कधी नीट सहन झालं नाही.

तेव्हा तिच्याविषयी लिहिण्याऐवजी तिलाच लिहिते. आणि आत्ताच लिहिते, कारण गाडीचा निकाल याच आठवड्यात लागला आहे. फोनवर मी सांगितलं ते अर्धंच; त्यावर तुमच्या बाबांची हकिगत पक्की बसली, तर माझी कोणी वाचणार नाही.

सिंधू,

आधी त्या कावळ्याचं बोलू. दहाव्याला नदीवर तुझा पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या बाभळीवर नुसते बसून राहिले. उन्हं चढली. तुझा जीव कशात अडकला आहे यावर चर्चा सुरू झाली. एकेकजण पुढे होऊन हात जोडून तुला काहीबाही कबूल करू लागला. मीही गेले. "सिंधू, तुझं कपाट मी नीट आवरीन, साड्या ज्यांना शोभतील त्यांनाच देईन, काळजी करू नकोस." कावळ्याने मान वळवली आणि पंखाखाली चोच घालून पिसं साफ करू लागला. मग माझा प्रशांत, रेवा-ईशानचा बाप, बोटात दर्भाचं पवित्रक घातलेला, घामाघूम, सहज बोलावं तसं म्हणाला, "आत्या, तुझी गाडी भंगारात देणार नाही. ऑइल वगैरे वेळच्या वेळी बदलू." तो मेला कावळा सरळ खाली उतरला.

बायका डोळे पुसता पुसता हसल्या. "गाडीतच जीव होता हो सिस्टरचा!" मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवत नाही, तुला माहीत आहे. पण तो ऐकतच असेल, तर माझं का ऐकलं नाही? परतताना सगळे हलके झाले होते आणि मी त्या पक्ष्यावर रुसले होते.

हे असंच चालत आलं आहे. ती पांढरी गाडी घरात आली तेव्हा प्रशांत शाळेत होता. रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून तू आणि तुझे भाऊ, म्हणजे आमचे हे, गाडीखाली शिरायचात. बाहेर दिसायचे फक्त चार पाय. मी खुर्ची टाकून गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचायची आणि मराठीत सांगायची. तुम्हा दोघांना ते वाचता आलं नसतं असं नाही, पण हात तेलकट असायचे आणि मी रिकामी असायची.

"वहिनी, थे ट्रान्समिशन फ्लुइड म्हंजे काय हो?" तू खालून ओरडायचीस.

"गिअर ऑइल."

"मंग तसं सांगा ना बाप्पा. फ्लुइड म्हटलं का मले सलाइन आठवते."

मग खालून दोघांचं हसू. मी एक ओळ वाचली की हसू, दुसरी वाचली की हसू. "काय झालं?" विचारलं की तुझे भाऊ म्हणायचे, "काही नाही, पाना पडला." एका रविवारी इतके पाने पडतात का कुठे? त्या गाडीखाली तुम्ही काय बोलायचात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते गेले तेव्हा वाटलं, एक दिवस तुला विचारीन. आता सांगणारं कोणी उरलं नाही. तुम्ही दोघं आता पुन्हा एका जागी आहात, आणि मी पुन्हा खुर्चीवर.

त्या पुस्तकाला पुढे उधई लागली, पानं कुरतडून गेली. पण गिअर ऑइलचं पान मला पाठ होतं, कारण तेच सगळ्यात जास्त वेळा वाचायला लागायचं. प्रत जीएल-४. जाडी ७५-डब्ल्यू-९०. जीएल-५ असं जिथे लिहिलं असेल ते वापरू नये. मला ही शेवटची सूचना विचित्र वाटायची. पाच म्हणजे चारच्या पुढचं, मग ते कमी कसं? मी तसं विचारलंही. तेव्हा तू गाडीखालून बाहेर आलीस, हात चिंधीला पुसलेस आणि मला जे सांगितलंस ते कोणत्या पुस्तकात नव्हतं.

"वहिनी, लेकराले सुई टोचायची असली तं कोनीतरी त्याचा दंड घट्ट धराव लागते ना? गिअरमंधी पितळेच्या कड्या असतात, थ्या फिरत्या चाकाचा दंड धरतात. चाक थांबलं, का गिअर आरामात बसते. आता दंडाले तुम्ही तेल चोपडून ठेवलं तं पकडनार कसा? पाच नंबर बुळबुळीत हाय. मागच्या चाकाच्या मोठ्या दात्याले चांगला. ह्या कड्याईचा हात निसटते, अन् त्यातलं औषध पितळ बी खाते."

मी म्हटलं, हे तुला कोणी सांगितलं? तू म्हणालीस, "भाऊनं." आणि परत खाली गेलीस.

मला नाही सांगितलं त्यांनी. आम्ही एका खोलीत राहायचो, एका ताटातली भाजी खायचो, आणि पितळेच्या कड्यांचं त्यांनी तुला सांगितलं.

जीएल-४ वर आपलं एकमत होतं. भांडण होतं जाडीवर. पुस्तकातलं ७५ वालं ऑइल पातळ, आणि तू मात्र दर खेपेला ८० वालं जाड घालायचीस. "पुस्तक थंड देशात लिहिलं हाय, वहिनी. त्यानं यवतमाळचं मे महिन्याचं ऊन पाह्यलं काय?" मी तुला किती वेळा समजावलं की पुढचा आकडा थंडीचा असतो आणि मागचा उन्हाचा. दोन्हीत मागचा आकडा नव्वदच आहे. म्हणजे उन्हात दोन्ही सारखीच. फरक पडतो तो थंडीत, आणि थंडीत तुझं जाड ऑइल गोठल्यासारखं होतं, म्हणून डिसेंबरात सकाळी तुझा दुसरा गिअर पडत नाही.

"सकाळी तं मी बी पडत नाही अंथरुनातून. जरासं गरम होऊ द्या नं तिले."

"पण आकडा सारखा आहे, सिंधू!"

"कागदावर सारखा. कानाले नाही. पातळ टाकलं का मे महिन्यात गाडी रडते, तुमाले ऐकू येत नाही कारन तुम्ही मागं बसता."

मी मागे बसते, हे तू कोणत्याही भांडणात शेवटचं वाक्य म्हणून वापरू शकायचीस. खरंच होतं ते. पुढे तू आणि ते. ते गेल्यावर पुढे तू आणि तुझी पिशवी.

एकदा तू मला विचारलं होतंस. तुझे भाऊ जाऊन वर्ष व्हायचं होतं. कळंबच्या रस्त्याला गाडी थांबवून तू खाली उतरलीस, दार उघडून म्हणालीस, "या वहिनी, बसा इकडं. मी शिकवते." तू अख्ख्या कॉलनीतल्या बायकांना शिकवलं होतंस. अंगणवाडीच्या बाईंना, बँकेतल्या कुलकर्णीबाईंना, त्यांच्या दोन्ही सुनांना. मी म्हटलं, "नको, या वयात कशाला?" आणि तू, "बरं," म्हणून परत बसलीस.

सिंधू, लेकरू सुईला नको म्हणतं तेव्हा तू ऐकायचीस का? चार वेळा समजावायचीस, गोड गोळी दाखवायचीस, गाणं म्हणायचीस. माझ्याच वेळी लगेच बरं? मला पुन्हा एकदा विचारायला हवं होतंस. मी दुसऱ्यांदा हो म्हटलं असतं. त्यानंतर ती गोष्ट आपल्यात कधी निघाली नाही, आणि मी प्रत्येक वेळी मागच्या सीटवर बसताना तिची वाट पाहिली.

मुलांचं तर विचारू नकोस. रेवा आणि ईशान कॅनडातून फोन करायची, "आजी, कशी आहेस?" आणि मी उत्तर द्यायच्या आधी, "सिंधूआजी कुठंय?" तू फोन घेतलास की अर्धा तास हसणं. रेवाला पहिल्यांदा गाडी चालवायचा परवाना मिळाला तो तिने तुला दाखवला. मला नंतर कळलं, तेही तू जेवताना सांगितलंस म्हणून. मी त्यांना पुस्तकं पाठवायची, वाढदिवसाला ओळी लिहून. तू त्यांना गाडीचा हॉर्न ऐकवायचीस. त्यांना हॉर्न आठवतो.

मग गेल्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं आणि डावा खांदा आखडला. हात कोपराच्या वर जाईना, जोर तर नाहीच. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं. तू घरी आलीस, अंगणात गाडीभोवती एक फेरी मारलीस आणि मला म्हणालीस, "वहिनी, पुढं बसाल का?"

"कशाला?"

"स्टिअरिंग उजव्या हातानं होते. क्लच-ब्रेक पायानं होते. गिअर तेवढा तुम्ही टाका."

शहाण्या माणसाने ऐकू नये अशी ही गोष्ट. मी ऐकली. पहिले काही दिवस कॉलनीतल्या मैदानात, मग लोहाऱ्याच्या रस्त्याला दुपारी वर्दळ नसताना, शेवटी कळंबपर्यंत, चिंतामणीच्या दर्शनाला. तू क्लच दाबायचीस आणि आकडा सांगायचीस, मी उजव्या हाताने गिअर टाकायची. पहिला माझ्याकडे आणि पुढे. दुसरा माझ्याकडेच, पण मागे. तिसरा मधून सरळ. सुरुवातीला माझा हात घाई करायचा.

"हळू, वहिनी! शेवग्याच्या शेंगा तोडून राह्यल्या का?"

"तू आधी सांगत जा ना!"

"मी क्लच दाबला का तुमाले समजाव लागते. नवराबायकोत सांगाव लागते का सगळं?"

"तू माझी नणंद आहेस."

"थे तं अजून वाईट."

महिनाभरात तू आकडे सांगायचं सोडलंस. तुझा गुडघा हलला की माझा हात हलायचा. चढ आला की दोघींना एकाच वेळी कळायचं. बाजारात लोक बघायचे, सिस्टर एका हाताने गाडी चालवतात म्हणून कौतुक करायचे. मागच्या दिवाळीत प्रशांत आला, मागे बसला, त्याने व्हिडिओ काढला आणि मुलांना पाठवला. मुलांनी तो कापूनकुपून आपल्या मित्रमंडळींत फिरवला. साऱ्या जगाने सिंधूआजीची वाहवा केली. त्या व्हिडिओच्या डाव्या कडेला एक हात आहे, सोन्याची एकच बांगडी घातलेला, अर्धा कापलेला. रेवा, ईशान, तो हात माझा आहे. गिअर मी टाकत होते.

त्या महिन्यांत मला तुझा हेवा वाटला नाही, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण वाटला. स्टिअरिंग तुझ्याकडे होतं. फरक इतकाच की आता मागे बसून वाटत नव्हता, शेजारी बसून वाटत होता, आणि शेजारी बसून वाटणारा हेवा मला आवडायला लागला होता. सकाळी अंघोळ करून मी तुझ्या आधी गाडीपाशी उभी असायची. तू येऊन चावी लावायचीस.

मग तुला नागपूरला नेलं. गाडी शकीलभाईंच्या गॅरेजमध्ये दिली, सर्व्हिसिंगला. तू परत येशील तेव्हा तयार असावी म्हणून. तू आली नाहीस.

तेरवीचं सामान आणायला प्रशांतने गॅरेजमधून परत आलेली गाडी काढली आणि पहिल्या वळणावर दुसऱ्या गिअरला अशी करकर केली, की घोटभर चहा पिऊन बसलेले पाहुणे बाहेर आले. शकीलभाईंनी चालवून पाहिली. "कड्या गेल्या, मॅडम. बॉक्स खोलावा लागते. या गाडीले आता कायले खोलता? भंगारवाल्याले द्या." प्रशांतने भंगारवाल्याशी बोलणंही केलं आणि पुण्याला परत गेला. तिथून फोन.

"आई, देऊन टाक. अंगण मोकळं होईल."

"तू नदीवर काय बोलला होतास?"

"आई, तूच म्हणतेस ना, कावळ्याला काय कळतं."

खरं सांगायचं तर तो एक दिवस मला फार बरं वाटलं. गाडी गेली की अंगणातली ती जागा मोकळी. तिथे मी बाक टाकीन, कुंड्या ठेवीन. मुलं आली की त्यांना हॉर्न नसेल, फक्त मी असेन. हळूहळू घरात तुझ्या वस्तू संपतील आणि कोणीतरी आधी माझी चौकशी करेल. दुपारभर मी त्या मोकळ्या अंगणात मनातल्या मनात कुंड्या लावत होते.

संध्याकाळी शकीलभाई गाडीची चावी द्यायला आले. मी चहा दिला आणि सहज विचारलं की सर्व्हिसिंगमध्ये काय काय केलं. त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"सिस्टरसाठी गिअरमंधी पाच नंबर टाकला, मॅडम. चार नंबर तं सगळेच टाकतात. सिस्टरनं माझ्या आईचे पाय धुतले होते दवाखान्यात. म्हटलं, सिस्टर येतील अन् म्हन्तील, शकीलनं काय झकास माल टाकला!"

जीएल-५. पुस्तकात नको म्हटलेलं. त्याने चांगल्यासाठी, तुझ्यासाठी, नेहमीपेक्षा वरचं ऑइल आणून घातलं होतं आणि तेच तुझ्या कड्यांचा हात सोडवत होतं. मला त्याची दया यायला हवी होती. मनात पहिला विचार आला तो असा: माझ्यासाठी कोणी चुकीचंसुद्धा इतक्या प्रेमाने घातलं असतं का?

दुसरा विचार मात्र वेगळा होता. गाडी मेलेली नव्हती. निदान अजून पुरती नव्हती. आणि या गोष्टीचं कारण आता माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तुझे भाऊ नाहीत, तू नाहीस, पुस्तकाला उधई लागली. त्या गाडीविषयी मला काही ठाऊक आहे आणि दुसऱ्या कोणालाच नाही, असं जन्मात पहिल्यांदा झालं होतं. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे लिहिते. तुझी आठवण म्हणून गाडी वाचवावी असं आलं नाही. मुलांनी एकदा तरी म्हणावं, "आजीने गाडी वाचवली", असं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला दोरखंड घेऊन दारात हजर. "साहेबांशी बोलणं झालंय, आजी." मी म्हटलं, साहेब पुण्यात आहेत आणि गाडी माझ्या अंगणात आहे. तो बिचारा प्रशांतला फोन लावत परत गेला. मी रिक्षा केली आणि ऑइलच्या दुकानात गेले.

"जीएल-४, ७५-डब्ल्यू-९०."

दुकानदार हसला. "आजी, थे इथं कोनी नेत नाही. जीएल-४च पाह्यजे ना? ८०-९० आहे, घेऊन जा."

फळीवर तुझं जाड ऑइल ओळीने उभं होतं. एकाच फेरीत काम झालं असतं. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हटलं, "नागपूरहून मागवा. मी थांबते."

"काहून आजी, एवढं काय वेगळं हाय त्याच्यात?"

"पुढचा आकडा," मी म्हटलं. सिंधू, तू असतीस तर मला तिथेच दुकानात जाड घ्यायला लावलं असतंस, आणि दुकानदाराने तुझीच बाजू घेतली असती. या खेपेला कोणी नव्हतं. मी माझं पातळ मागवलं. प्रशांतचे रोज फोन येत होते, मी रोज थांब म्हणत होते. तो म्हणाला, "आई, तू आत्यासारखी करायला लागलीस." त्याला वाटलं टोमणा मारला. मी फोन ठेवला आणि तेच वाक्य स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं.

डबा आल्यावर शकीलभाईंना बोलावून गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी गाडी आधी एक चक्कर फिरवून गरम केली, मग खालचा नट उघडला. परातीत ऑइल पडू लागलं. उन्हात त्यावर पिवळी चमक तरंगत होती, बारीक, जरीसारखी. शकीलभाईंनी त्यात बोट बुडवून पाहिलं.

"पितळ हाय हे, मॅडम."

"हो."

"मी तं चांगल्यासाठीच..."

"माहीत आहे. सिस्टरलाही कळलं असतं. आधी शिव्या दिल्या असत्या, मग चहा पाजला असता."

ते हसले, आणि मग डोळे पुसायला गाडीच्या पलीकडे गेले. मी त्यांच्यावरही रुसले असते, तुझ्यासाठी तिथे रडायला मला जागा मिळेना म्हणून. पण तेवढ्यात ते खालून ओरडले, "मॅडम, किती भरू?" आणि मी म्हटलं, "बाजूच्या भोकातून ओघळ येईपर्यंत." हे वाक्य पाठ होतं.

मग आम्ही लोहाऱ्याच्या रस्त्याला निघालो. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या, हवेत गारवा होता. शकीलभाई चालवत होते. मी डाव्या बाजूला, पुढे.

"गिअर मी टाकते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून मांडीवर ठेवला. "टाका, मॅडम. सिस्टरनं सांगितलं होतं मले. म्हन्ल्या होत्या, वहिनीचा हात माझ्यापेक्षा हलका हाय, फक्त त्याईले सांगू नका, फुगतील."

हे तू त्यांना सांगितलंस. शकीलला. मला नाही.

क्लच दाबला गेला. मी हात माझ्याकडे घेतला आणि मागे ओढला. थोडी कुरकुर झाली, आणि दुसरा पडला. परत एकदा. या वेळी कमी. कड्या झिजल्या आहेत, त्या परत नव्या होणार नाहीत, शकीलभाईंनी तसं सांगितलं. पण गाडी चालेल. सावकाश वापरली तर बरीच चालेल.

"पाहिलंत?" मी म्हटलं. "थंडीत पातळच लागतं."

"थंडीत ठीक हाय," शकीलभाई म्हणाले. "मे महिना येऊ द्या, मॅडम. पातळ टाकलं का ही गाडी उन्हात रडते. सिस्टर बी हेच म्हनत."

म्हणजे जिंकलेही नाही. तू नसताना, तुझ्या तोंडचं वाक्य घेऊन, तुझ्या बाजूने माणूस उभा. मला राग आला, आणि त्याच्या पाठोपाठ बरंही वाटलं. उन्हाळ्यात गाडी खरंच रडली, तर मी ऐकणार आहे. आता मी पुढे बसते, मला ऐकू येईल. पण कबूल करणार नाही.

घरी येऊन मी मुलांना फोन लावला. मीच लावला, त्यांची वाट पाहिली नाही. सगळं सांगितलं: पाच नंबर, पितळ, नागपूरहून मागवलेला डबा, भंगारवाल्याचा दोरखंड. ईशान ओरडला, "रेवा, इकडे ये! सिंधूआजीची गाडी वाचली!" रेवा धावत आली, "खरंच? सिंधूआजीची गाडी?" दोघंही रडत होती आणि हसत होती. बराच वेळ मला मध्ये बोलायला मिळालं नाही. मग रेवा म्हणाली, "आजी, आम्ही आलो की आम्हाला चालवायला देशील?"

मी म्हटलं, "देईन. गिअर मात्र मी टाकीन."

सिंधू, तुझ्याकडे जे होतं त्यातलं मला फार थोडं मिळालं. तुझे भाऊ गाडीखाली काय बोलायचे ते मिळालं नाही. त्या दुसऱ्या विचारण्याची वाट पाहायचं मी आता सोडलं आहे. माझा हात हलका आहे हे मला एका गॅरेजवाल्याकडून कळलं, आणि त्याबद्दल तुझे आभार मानायचे का तुझ्याशी भांडायचं हे अजून ठरलेलं नाही. तुझं कपाट आवरलं. साड्या ज्यांना शोभतील त्यांनाच दिल्या, एक हिरवी माझ्याकडे ठेवली, ती मला शोभत नाही.

गाडी अंगणात उभी आहे. तिच्यात जीएल-४ आहे, ७५-डब्ल्यू-९०. सकाळच्या थंडीत दुसरा गिअर जरा कुरकुरतो, पण पडतो. सगळे तिला तुझीच गाडी म्हणतात.